पोट्टा चालला स्टुटगार्टले

महाराष्ट्रात बेकारी आणि जर्मनीत म्हातारपण. या दोन दुखण्यांची सोयरीक फेब्रुवारी २०२४ मध्ये जुळली. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याला (नाव तोंडात बसत नसेल तर नुसतं स्टुटगार्ट म्हणा, ती त्याची राजधानी) १०,००० कुशल माणसं पुरवायचा करार आपल्या सरकारनं केला. परिचारिका, वीजतंत्री, प्लंबर, रंगारी, सुतार, ट्रकचालक, अशी यादीही निघाली. वऱ्हाडानं आजवर बाहेर कापूस धाडला, संत्री धाडली. आता पोट्टे धाडायचे. त्यांना हमीभाव तरी तिकडे बरा आहे म्हणतात.

अडचण एकच, भाषेची. ती मोफत शिकवायचं सरकारनं ठरवलं. म्हणजे अकोल्याच्या आयटीआयतून वायरिंग शिकून निघालेल्या पोट्ट्यानं आधी ए-वनची पायरी चढायची, मग ए-टू, मग बी-वन. परिचारिका असेल तर बी-टू. हा तोच पोट्टा, जो रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला मुलाखतीला गेला होता. "मले सगळं काम येते," एवढं तो बोलला आणि समोरच्या बाईंनी "मले नाही, मला," अशी दुरुस्ती करून उरलेली मुलाखत हिंदीत घेतली. पुण्यात त्याचं मराठी खपलं नाही, म्हणून आता त्यानं जर्मन शिकायचं.

बापाला काळजी. "लय कठीन असन ना बे थे भाषा?"

"तिकडे सूर्य बाई हाये आन् चंद्र बाप्या."

"मंग राहू दे. पत्रिकेत घोळ होईन."

सरकारी वर्ग भरेपर्यंत दम नसणाऱ्यांसाठी एजंट आहेच. त्याच्या फलकावर ठळक अक्षरांत असतं: भाषेची अट नाही. जून २०२४ पासून जर्मनीनं काम शोधायला येणाऱ्यांसाठी एक कार्ड काढलं आहे. त्याला जर्मन ए-वन किंवा इंग्रजी बी-टू लागतं. एजंट त्यातला 'किंवा' तेवढा जोरात वाचतो. खात्यात वर्षभराच्या खर्चाचे पैसे दाखवावे लागतात, हे तो दुसऱ्या भेटीत सांगतो. वावराचा विषय तिसऱ्या भेटीत निघतो. या कार्डावर वर्षभर काम शोधता येतं आणि पात्रता गुणांवर ठरते. पण काम शोधण्याच्या अनुभवाला त्यात एकही गुण नाही. नाहीतर अमरावती-अकोल्याचा पट्टा जर्मनीत पहिला आला असता.

खरी मौज पुढेच. ज्या मुलखात जायचं, तो स्वतःच १९९९ पासून वीसेक वर्षं आपल्या सरकारी जाहिरातीत छाती फुगवून सांगत होता की आम्हाला सगळं जमतं, प्रमाण जर्मन सोडून! तिथं श्वाबी बोली चालते. मर्सिडीज, पोर्श, बॉश याच मुलखातल्या. बोलीपायी एकाही गाडीचं चाक अडलं नाही. अशी जाहिरात आपण अमरावतीच्या राजकमल चौकात लावून पाहावी. संध्याकाळच्या आत भाषाशुद्धीवाल्यांचं पत्र येईल, तेही शुद्धलेखनाच्या सहा चुकांसह. २०२१ मध्ये स्टुटगार्टवाल्यांनी ती घोषणा बदलली आणि चक्क एक इंग्रजी शब्द घेऊन त्याच्या डोक्यावर दोन जर्मन ठिपके ठेवले. तर आपला पोट्टा प्रमाण जर्मन घोकून, परीक्षा पास होऊन उतरणार आणि फोरमन त्याच्याशी तिकडच्या वऱ्हाडीत बोलणार.

भाषा शिकायची कोणी, हे गरजेवर ठरतं असा आपला समज आहे. इतिहास तसं म्हणत नाही. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि साहेबाची नजर वऱ्हाडाकडे वळली. पुढे ग्रीकांची रॅली ब्रदर्स आली, स्वित्झर्लंडची व्होल्कार्ट ब्रदर्स आली, इथला कापूस गाठी बांधून घेऊन गेली. कलेक्टराला निदान देशी भाषेची परीक्षा होती. कापूसवाल्या साहेबाला तीही नाही. दलाल होता, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत होता. तेव्हा गरज साहेबाची होती, आज माणसांची वाणही साहेबांच्याच मुलखात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर शोल्त्स दिल्लीला येऊन कुशल भारतीयांचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० करू म्हणून सांगून गेले. तरी परीक्षेला बसायचं आपल्याच पोट्ट्यानं. आपण गेलो तरी आपण शिकायचं आणि ते आले तरी आपणच.

भाषेवाचून जर्मनीत ताठ मानेनं वावरलेले अमरावतीकर मला ठाऊक आहेत, पण ते १९३६ चे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे जाऊन हुतूतू खेळून आला. हुतूतूला व्याकरण लागत नाही. शिवाय ते काम मागायला गेले नव्हते, ही मोठी सोय.

तरी आमच्या पोट्ट्याचं स्टुटगार्टात जमेल असं मला वाटतं. तिथल्या चाळीवजा इमारतींत केरवोखे नावाचा जुना रिवाज आहे. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी अडकवतात आणि तो आठवडाभर त्यानं जिना झाडायचा, फुटपाथ झाडायचा. गाडगेबाबांच्या मुलखातल्या माणसाला याची ए-वन परीक्षा कशाला? बाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला आणि कीर्तन वऱ्हाडीत केलं.

म्हणजे पहिला फोन असा येणार:

"काय करून रायला रे पोट्ट्या?"

"जिना झाडून रायलो, माय."

"इथं म्या वरडून वरडून मेली, एक दिवस खराटा हाती धरला नाही तुनं!"

"इथं दारावर पाटी लावतेत ना."

"असं काय? थांब, तुह्या लहान भावाच्या खोलीवर उद्याच लावतो!"