भारी पानं असताना चेहरा पाडण्याची शास्त्रोक्त पद्धत

पोकरमध्ये भारी पानं येणं हा नशिबाचा भाग. ती आल्यावर ‘कुठून अवदसा आठवली नि खेळायला बसलो’ असा चेहरा करणं ही साधना. मराठी माणूस या साधनेला जन्मतः पात्र असतो. पूर्वी बोर्डात येणारी मुलं परीक्षा केंद्राबाहेर पडताना ‘गणित जरा अवघडच गेलं’ म्हणायची, ते याच संप्रदायातलं.

तरीही साधकाने लगेच सुतकी चेहरा करू नये. पानं खरोखर भारी हवीत. हाती एक्क्यांची जोडी आली की नवशिका दबा धरून बसतो. नुसत्या जोडीला लपवण्याइतकी प्रतिष्ठा नसते. तिच्या जोरावर पैसे चढवायचे सोडून हा गप्प राहतो, समोरचे चौघे स्वस्तात फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं, पाहतात, त्यातल्या एकाच्या हातात सत्ती-अठ्ठी असते आणि टेबलावरही सत्ती-अठ्ठीच उतरते. यानंतर साधकाचा चेहरा पडतो तो अस्सल.

मग टेबल पाहावं. उघडलेल्या तीन पानांत दोन बदाम आहेत आणि कुणाच्या हातात आणखी दोन, असं समजा. त्याने न पाहिलेल्या ४७ पानांत नऊ बदाम उरले. पुढच्याच पानावर त्याचा पाच बदामांचा कलर लागण्याची शक्यता सुमारे १९ टक्के, पुढची दोन्ही पानं पाहू दिली तर ३५. अशा वेळी पैसे न लावता ‘चेक’ म्हणणं म्हणजे त्याला ते पान फुकट वाटणं. इथे अभिनय आवरावा, पैसे लावावेत. उलट राजा, सत्ती, दुर्री अशी तीन रंगांची तुटक पानं पडली आणि हातातल्या दोन सत्त्यांची तिकडी झाली, तर खुशाल पेंगावं.

मात्र पेंगण्याआधी समोर कोण आहे ते बघून घ्यावं. ‘बघू तरी काय आहे’ म्हणत प्रत्येक वेळी पैसे भरणाऱ्यासमोर लपवाछपवी म्हणजे श्रम वाया. तो पैसे द्यायलाच आलेला असतो. भित्रा माणूस तुम्ही चेक म्हटलंत की आनंदाने चेक म्हणतो, डाव संपतो. लपवावं ते अंगावर येणाऱ्यापुढे.

या विषयातलं गाजलेलं प्रात्यक्षिक १९८८ सालचं. लास वेगासचा बिनियन्स हॉर्सशू कॅसिनो, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा शेवटचा सामना. गतविजेता जॉनी चॅन, समोर एरिक सायडेल. चॅनकडे गुलाम-नव्वी, टेबलावर राणी-दश्शी-अठ्ठी, म्हणजे सलग पाच पानं तिथेच जुळलेली. चॅनने सायडेलच्या पैशांची फक्त बरोबरी केली. चौथं पान दुर्री, दोघेही चेक. पाचवं छक्की, चॅन पुन्हा चेक. सायडेलने होतं नव्हतं ते सगळं पुढे लोटलं. सलग दुसऱ्या वर्षीचं विजेतेपद आणि सात लाख डॉलर चॅनच्या खिशात! ‘राउंडर्स’ या चित्रपटातही हा डाव दाखवलाय. सगळे चॅनच्या संयमाला दाद देतात. माझ्या मते निम्मं श्रेय सायडेलच्या हातातल्या राणीचं. ती टेबलावरच्या राणीशी जुळली नसती, तर चॅनला संयमाचं प्रदर्शन रिकाम्या मांडवात करावं लागलं असतं.

आता अभिनयाविषयी. शक्यतो करू नये. माइक कॅरो यांनी खेळाडूंच्या हावभावांवर अख्खं पुस्तक लिहिलंय; खांदे पाडून, उसासा टाकून पैसे पुढे सरकवणाऱ्याकडे बहुधा भारी पानं असतात, असं त्यांचं निरीक्षण. हात थरथरले तरी तेच. भीतीपेक्षा घबाड लागल्याचाच तो कंप असतो. तेव्हा उसासे नकोत, पाण्याचा ग्लासही उचलू नये.

शेवटची सूचना मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोपेक्षा दिवाळीत मावशीकडे तीनपत्तीला बसणाऱ्यांसाठी. इतकं करूनही सगळ्यांनी पॅक केलं, तर पानं गपचूप गड्डीत सरकवावीत. तीन एक्के उताणे मांडून ‘बघा, काय होतं माझ्याकडे!’ म्हणणाऱ्याला त्या डावात फक्त बूट मिळतो आणि पुढे रात्रभर त्याने चाल केली रे केली की मावशीसकट सगळे पॅक करतात.