बोटावरचं निदान

साताऱ्यातल्या गॅरेजात गाडी उभी राहायचा अवकाश, बोट आत गेलंच. बोनेट वर, ऑईलचं झाकण बाजूला, तर्जनी आतून फिरवली, अंगठ्यावर चोळली, नाकाशी नेली आणि मालकाकडं न बघताच निकाल: "हेड गास्केट गेलं की वो सायेब." मालकाचा सीटबेल्टही अजून सुटलेला नसतो.

पुरावा म्हणून बोट नाकासमोर धरलं जातं. त्याला पांढरट साय. "पाणी उतरलंय ऑईलात. चहा झालाय बगा." मालकाला गास्केट कुठं असतं हे ठाऊक नसतं, पण समोरचं बोट इतकं काळं आणि इतकं अनुभवी दिसतं की मान आपोआप हलते.

आता या सायीचं बघा. राजवाड्यावरून पोवई नाक्यावर जायचं, कोथिंबिरीची जुडी घेऊन परतायचं, एवढ्यात इंजिन धड तापतही नाही. पावसाळ्यात आतली ओल थंड झाकणाला धरते, तेलात घोटली जाते आणि साय तयार. कऱ्हाडपर्यंत एकदा बऱ्या वेगानं जाऊन आलं तर बहुतेक वेळा उडून जाते. खरंच गास्केट फाटून पाणी आत आलं असेल तर काडी बोलते: डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ, पातळी वर चढलेली, आणि कुलंटची टाकी भरावी तेवढ्या वेळा रिकामी. पण काडी ओढायला वाकावं लागतं. बोटाला वाकायची सवय नाही.

बोटाची प्रतिष्ठा केवढी, ते भिंतीकडं बघितल्यावर कळतं. तिथं खिळ्याला कॉम्प्रेशन गेज टांगलेलं असतं. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो आणि वर्षभरात त्याला मानवी हाताचा स्पर्श होतो तो तेवढाच. बोटाला मात्र रोज मान. थोरल्या मिस्त्रींचं बोट बाहेर आलं की धाकटे मिस्त्री आपलं घालतात, मग शिकाऊ पोरगं घालतं, मग शेजारचा पंक्चरवाला सहज म्हणून येतो आणि तोही घालतो, आणि सगळ्यांचं एकमत होतं, कारण पहिल्या बोटाच्या विरुद्ध जायची दुसऱ्या बोटाची टाप नसते. तोवर झाकणावरची साय संपलेली असते. म्हणजे आजार होता तेवढा पुसून झाला, पण ऑपरेशन ठरलेलं.

सांगलीचं बोट वेगळ्या घराण्याचं. ते रेडिएटरात जातं. सांगलीकडं कुलंट म्हणजे हिरवा रंग एवढीच समजूत. टाकी कमी झाली की बोअरचं पाणी ओतायचं. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, गाडी खंबाटकीच्या चढाला उकळते, रस्त्याकडेला थांबवून तापल्या इंजिनावर गार पाण्याची बाटली रिकामी केली जाते आणि हेडला बाक येतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा वाकही गास्केटला पुरतो. इथं गास्केट खरोखर गेलेलं असतं! पण सांगलीचं बोट म्हणतं, "काय झालं नाय लगा. थर्मोस्टॅट काढून टाकू."

या थर्मोस्टॅटनं या लोकांचं काय घोडं मारलंय? काही शे रुपयांची झडप ती. पाणी ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास गेलं की उघडते, तोवर इंजिनाला तापू देते. "आपल्याकडं कुठं बर्फ पडतो?" म्हणे. अहो, बर्फाचा संबंध काय? काढल्यावर इंजिन गारठून डिझेल जास्त पितं, आणि काही गाड्यांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालूनच फिरत राहतं, म्हणजे उलट जास्तच तापतं. तरी जिल्ह्यातल्या निम्म्या जुन्या गाड्यांचे थर्मोस्टॅट कुणाच्या तरी भंगाराच्या डब्यात पडलेले असणार, ही माझी पैज.

तपासायचंच असेल तर अवघड काही नाही. सकाळी इंजिन थंडगार असताना रेडिएटरचं झाकण काढावं. (गरम असताना नको, दाबाखाली शंभराच्या वर गेलेलं पाणी झाकण फिरवताच तोंडावर येतं.) इंजिन चालू करून बुडबुडे थांबतात का बघावं. मग झाकण लावून वरचा होज पाणी तापायच्या आधीच टणक होतो का, ते चाचपावं. बोट वापरायची हौस इथं भागते. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो का, बघावं. तरी शंका उरली तर निळं द्रावण मिळतं. टाकीच्या तोंडाशी येणारी हवा त्यातून ओढायची. सिलिंडरातला जळका वायू पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. सांगितलेला चहा येईपर्यंत आटोपतं.

हे सुचवून बघा कधी. "ते पुस्तकातलं झालं सायेब. आपला वीस वर्षांचा हात हाय."

मग साताऱ्यात हेड उतरतं. गास्केट चांगलं निघतं. पण "आता उघडलंच हाय तर" या एका वाक्यावर हेड फेसिंगला जातं, वॉल्व्ह सील बदलतात, टायमिंग बेल्ट बदलतो, वॉटर पंप बदलतो. जुने भाग सिमेंटच्या पोत्यात बांधून डिकीत ठेवले जातात, प्रामाणिकपणा म्हणून. आणि बिलाच्या तळाला पेनानं लिहिलेलं असतं: चेकिंग चार्ज माफ.