हेवी-ड्यूटी पिकअप : मागणी, किंमत आणि मुहूर्त

ह्यूस्टन, टेक्सास

ती. बाबा व सौ. आईस,


अमेरिकेत हेवी-ड्यूटी पिकअप शेतकरी घेतो, कंत्राटदार घेतो आणि उभ्या आयुष्यात कीबोर्डापेक्षा जड काही न उचललेला संगणक अभियंताही घेतो. प्रस्तुत कुटुंब तिसऱ्या प्रकारात मोडते. बाजारात नावे मोजकीच: फोर्डची सुपर ड्यूटी, रॅम, आणि जनरल मोटर्सची सिल्व्हराडो व सिएरा. जपानी मंडळी या वर्गात नाहीत, आणि इतर कारणांबरोबर त्याच्या मुळाशी कोंबडीही आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपने अमेरिकन कोंबडीवरची जकात वाढवली. त्याचे उट्टे म्हणून डिसेंबर 1963 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्या आयातीवर 25 टक्के कर लावला. बाकीच्या वस्तू पुढे सुटल्या, ट्रक अडकला तो अडकलाच. शाकाहारी घरालाही या कोंबडीची झळ बसते.

या गाड्यांत पाऊण टनी आणि एक टनी असे दोन मुख्य प्रकार. फोर्डची एफ-250 पाऊण टनी, एफ-350 एक टनी. रॅम आणि सिल्व्हराडोमध्ये 2500 व 3500. हे टन जुन्या काळचे आहेत, आजच्या गाड्या त्याहून पुष्कळ जास्त वाहतात. एक टनी गाडीला मागे दोन्ही बाजूंना जोडचाके घेता येतात. तिला ड्युअली म्हणतात. तिची एकूण चाके सहा, म्हणजे पूजेला लिंबेही सहा. चार दारांची कॅबिन आणि आठ फुटी हौदा घेतला, तर गाडीची लांबी 22 फुटांवर जाते आणि इथल्या बहुतेक घरांच्या गॅरेजात ती मावत नाही. ती दारात उभी राहते. गॅरेजात पूर्वीसारखेच खोके राहतात.

गाडी कशाला हवी, हे आधी ठरलेले बरे. कुटुंबाला राष्ट्रीय उद्याने फिरण्यासाठी चाकांवरचे घर ओढायचे आहे, भरलेले वजन 12,000 पौंड. त्याची जोडणी बंपरला नसते, हौद्याच्या मधोमध असते. त्याला फिफ्थ-व्हील म्हणतात. आधी ओझे, मग गाडी, हाच योग्य क्रम. पण शोरूममध्ये बोलण्याची सुरुवात रंगापासून होते.

मागणीपत्रक भरणे हे लग्नाची याद करण्यासारखे आहे: प्रत्येक कलम एकेकटे पाहिले तर वाजवी वाटते, आणि एक मान्य केले की त्याच्या मागून आणखी दोन येतात. गरम होणारे स्टिअरिंग हवे, तर वरचे पॅकेज घ्या. ते पॅकेज वरच्याच मॉडेलवर मिळते. त्या मॉडेलला चामड्याच्या सीट सक्तीच्या. ह्यूस्टनमध्ये स्टिअरिंग गरम करण्याचे काम ऊन फुकट करते, हा मुद्दा विक्रेत्यापुढे मांडून पाहिला असता त्याने तो टिपून घेतला नाही.

सर्वांत महाग कलम डिझेल इंजिनाचे, सुमारे 10,000 डॉलर. फोर्डचे 6.7 लिटरचे डिझेल 475 अश्वशक्तीचे, आणि वर आणखी पैसे मोजले की 500. जड ओझे घेऊन डोंगर चढायचा असेल तर ते पैसे वसूल होतात. मुलांना पोहण्याच्या क्लासला सोडायचे असेल तर पेट्रोलचे इंजिन पुरते. डिझेल गाडीला निळ्या झाकणाची दुसरी टाकी असते. तिच्यात 32.5 टक्के युरिया मिसळलेले शुद्ध पाणी भरतात. धूर स्वच्छ करण्यासाठी ते लागते. बाबा ज्याच्यासाठी कृषी सेवा केंद्रापुढे उभे राहतात तोच हा युरिया. इथे तो पेट्रोल पंपावर मिळतो आणि त्याने पीक येत नाही.

काही गोष्टी मात्र कारखान्यातूनच याव्यात. फिफ्थ-व्हीलसाठी हौद्याखालची चौकट, ट्रेलरचे ब्रेक लावणारा कंट्रोलर आणि योग्य गुणोत्तराचा मागचा ॲक्सल ही स्वस्त आणि कामाची कलमे आहेत. विक्रेता त्यांच्याबद्दल आपणहून बोलत नाही. फोर्डमध्ये चालकाच्या डोक्यावर सहा बटणांची पट्टीही घेता येते. जादा दिवे, पंप वगैरे मालकाने पुढे जे बसवायचे, त्यासाठी ती राखीव असतात. घरातल्या धाकट्या चिरंजीवांनी शोरूममध्ये सहाही दाबून पाहिली. काही झाले नाही. त्यांना जोडलेलेच काही नव्हते.

फोनवर तीनदा विचारलेल्या प्रश्नाचे, म्हणजे ॲव्हरेजचे, उत्तर येथेच द्यावे. ज्या गाडीचे भरलेले कमाल वजन 8,500 पौंडांच्या वर आहे, तिच्या काचेवरच्या कागदावर ॲव्हरेज छापण्याचे बंधन अमेरिकेच्या नियमात नाही. हेवी-ड्यूटी पिकअप या रेषेच्या वरच असतात. त्यामुळे नव्वद हजारांच्या गाडीवर सीटचे चामडे कोणते हे लिहिलेले असते, एका गॅलनला किती मैल ते नसते. मोठ्या हौद्याच्या फोर्डची टाकी 48 गॅलनची, म्हणजे सुमारे 180 लिटरची असते, एवढे सांगणे पुरे.

खरी माहिती ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर मिळते. दार उघडले की तिथे पिवळी-पांढरी पट्टी दिसते: माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर वजन असू नये. एफ-250 चे भरलेले कमाल वजन बहुधा 10,000 पौंड धरलेले असते. डिझेल, चारही चाकांना ताकद, चार दारे, काचेचे छत, मालिश करणाऱ्या सीट असे सगळे घेतलेली गाडी स्वतःच साडेसात-आठ हजार पौंडांची होते. उरले दोन-अडीच हजार. बारा हजारांच्या फिफ्थ-व्हीलचा साधारण पाचवा हिस्सा, 2,400 पौंड, थेट हौद्यात उतरतो. जोडणीचा लोखंडी सांगाडा दीडशे-दोनशे पौंडांचा. कुटुंब अजून गाडीत बसायचेच आहे, आणि आईने पाठवलेला लोणच्याचा डबाही हिशेबात धरलेला नाही. तात्पर्य, जितके पैसे जास्त तितके ओझे कमी. जाहिरातीतला ओढण्याचा मोठा आकडा बहुतेक वेळा साध्यासुध्या गाडीचा असतो. म्हणून फिफ्थ-व्हीलवाल्याने काचेचे छत सोडावे आणि त्या पैशांत एक टनी घ्यावी. पाऊण टनी आणि एक टनी यांच्या किमतीतला फरक डिझेलच्या मानाने किरकोळ असतो.

आता किंमत. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोनरोनी यांच्या पुढाकाराने 1958 मध्ये झालेल्या कायद्यामुळे नव्या मोटारीच्या काचेवर छापील किमतीचा कागद लागू लागला. पिकअपवालेही तो लावतात. तो आपल्याकडच्या एक्स-शोरूम भावासारखा वाचावा. साधी एफ-250 45,000 डॉलरच्या आसपास सुरू होते आणि सजवत नेली तर लाखापलीकडे जाते (आईने रुपयांत गुणाकार करू नये). छापील किमतीत कारखान्यापासूनची वाहतूक दोन हजारांहून जास्त पडते; कारखान्याशेजारी राहणाऱ्यालाही तेवढीच. त्यावर टेक्सासचा 6.25 टक्के कर, म्हणजे 80,000 वर 5,000. जुनी गाडी मोडीत दिली तर तिची किंमत वजा जाऊन उरलेल्यावर. मग डीलरचे कागदपत्रांचे शुल्क, आणि मग ज्यांची मागणी कुणी केलीच नाही अशा वस्तू. त्यांत टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचे पैसे असतात. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, हे सातवीच्या पुस्तकात मिळते.

विक्रेता किंमत सांगण्याआधी “महिन्याला किती जमेल?” असे विचारतो. उत्तर देऊ नये. हप्ता सात वर्षांवर पसरला की कोणतीही गाडी परवडते. सगळे धरून दारात गाडी कितीला पडेल, हा बाबांचा ऑन-रोड किमतीचा प्रश्न इथेही तसाच चालतो. आकडा लेखी घ्यावा, आणि दोन-तीन डीलरांकडून घ्यावा. कंपनीकडून थेट घेण्याची सोय टेक्सासच्या कायद्यात नाही.

आकडा ठरला की विसार द्यायचा. तो परत मिळणार की नाही, हेही कागदावर हवे. डीलर मागणी कंपनीकडे नोंदवतो. त्याच्या वाट्याला किती गाड्या आल्या त्यावर नंबर लागतो. सुपर ड्यूटी प्रामुख्याने केंटकीत लुइव्हिलला बनते. गाडी हाती यायला काही आठवडे लागतात, कधी काही महिने. मधल्या काळात किंमत वाढली तर ती कुणी सोसायची, हे विसार देतानाच विचारावे.

शेवटचा मुद्दा मुहूर्ताचा. टेक्सासमध्ये मोटार विक्रेत्याला लागोपाठ शनिवार आणि रविवार असे दोन्ही दिवस विक्री करता येत नाही, आणि जवळपास सगळे रविवारीच बंद ठेवतात. तेव्हा गुरुजींकडून दिवस काढून घेताना रविवार वगळावा, आणि शक्यतो संध्याकाळी पाचनंतरची वेळ मागावी, ही विनंती.

कळावे,
आपली ह्यूस्टनची मंडळी