परतीची गाडी

पॅरिसहून पाऊण तासात रँसला पोचवणाऱ्या रेल्वेने दांपत्यजीवनावर थोर उपकार केले आहेत. सकाळी कॅथेड्रल, दुपारी शॅम्पेनची तळघरं, संध्याकाळी परत. 1211 मध्ये काम सुरू झालेल्या, फ्रान्सच्या राजांना मुकुट चढवणाऱ्या वास्तूला वीस मिनिटं पुरतात. त्यातली दहा दारावरच्या हसऱ्या देवदूताची; तो उंचावर असल्याने दोघांच्या डोक्यांमध्ये नीट येईपर्यंत फोन वाकडातिकडा करावा लागतो. चित्रकार शागालच्या निळ्या काचा पार मागच्या टोकाला, म्हणून रद्द.

तळघराला मात्र दीड तास. खडूच्या दगडातल्या गारव्यात बाटली किमान 15 महिने पडून असते, हे ऐकताना घड्याळ न पाहणं ही शिस्तच. कॅथेड्रलला कमी वेळ देण्याला कुणी अनादर म्हणेल. पण कॅथेड्रल फुकट आहे, तळघराला तिकीट. पैसे मोजले तिथे लक्ष देणं हा संसारी माणसाचा धर्म. तेव्हा कॅथेड्रललाही तिकीट लावून वेदीपाशी एकेक पेला द्यावा, म्हणजे कमानीही मन लावून पाहिल्या जातील. 1914 च्या बाँबवर्षावात त्या देवदूताचं मुंडकं तुटलं, ते परत बसायला 1926 उजाडलं. कारागिरांना संध्याकाळची गाडी पकडायची नव्हती, हे उघड आहे.