सावलीत वाळवावे

आमचे मेहुणे पुण्याहून ऐन मे महिन्यात चंद्रपूरला आले, ते नदीत वल्हवायला. या महिन्यात चंद्रपूरची माणसं कूलरसमोरून पाणी प्यायलासुद्धा उठत नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी आणायला सांगतात. पारा ४६ वर जाणं ही इथे बातमी नसते. ४२ वर उतरला, तर लोक एकमेकांना विचारतात, कुठे पाऊस झाला का?

गाडीतून आधी फुगवायची कयाक उतरली आणि त्यानंतर बराच वेळ नुसते कपडे उतरत राहिले. निओप्रीनचा काळा, अंगाला चिकटून बसणारा सूट. गळ्याला आणि मनगटांना लेटेक्सच्या घट्ट पट्ट्या असलेला, पाणी आत न शिरू देणारा अंगरखा. हेल्मेट, शिट्टी, लाइफ जॅकेट आणि बुडणाऱ्याकडे फेकायची लाल दोराची पिशवी. निओप्रीन म्हणजे बारीक बारीक बुडबुडे कोंडलेलं रबर. गार पाण्यात अंगाची ऊब धरून ठेवणं हे त्याचं काम. मे महिन्यात ऊब धरून ठेवावी, असं आमच्या जिल्ह्यात आजवर कुणाला वाटलेलं नाही.

"हा हिमालयातल्या नद्यांसाठी," मेहुणे म्हणाले.

"मग इथे का आणला?"

"घरी घडी घालून ठेवला असता कुणीतरी."

घडीवरचे बुडबुडे दबले, की तेवढ्या रेघेत सूट निकामी होतो म्हणे. त्याला रुंद खांद्याच्या हँगरवरच टांगावं लागतं. म्हणून तो गाडीत मागच्या सीटवर टांगून आमच्याबरोबर सगळीकडे फिरला. नाक्यावर पोलिसाने काच खाली करायला लावली आणि आत टॉर्च मारून माणसं दोनदा मोजली.

या सगळ्या वस्तूंच्या चिठ्ठ्यांवर एकच मंत्र असतो: साध्या पाण्याने धुवावे, सावलीत वाळवावे. कारण खरं आहे. उन्हाने नायलॉनचा धागा कुजतो. भगवं जॅकेट फिकट पडत बदामी झालं, की रंगाबरोबर कापडाचा जोरही गेलेला असतो. बंद गाडीच्या डिकीत ठेवलं तर आतला फोम आकसतो. पण चंद्रपुरात सावली म्हणजे ऊनच, फक्त उजेड वजा केलेला. गच्चीवर काळी धूळ, अंगणात लू, पडवीत शेजारची मांजर. शेवटी आईने जॅकेट कूलरसमोर खुर्चीवर बसवलं आणि आम्ही दुपारभर भिंतीला टेकून बसलो.

लेटेक्सच्या पट्ट्यांना बिनवासाची टाल्कम पावडर लागते. घाम, तेल, सनस्क्रीन यांनी लेटेक्स चिकट होतं आणि फाटतं. आईने प्रेमाने गुलाबाच्या वासाची पावडर पुढे केली, तर मेहुणे किंचाळले. आईने डबा झाकला. "जावयाचं पथ्य पाळलं मी पंधरा वर्षं," ती म्हणाली, "आता जावयाच्या बाहीचंही पाळायचं?"

मग मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेचा पूल ओलांडला आणि गडचिरोलीत शिरलो. 'सावली' या गावाची पाटी दिसताच मेहुण्यांनी आशेने गाडी थांबवायला लावली. खाली उतरून ते लगेच परत आले.

वाटेत एका तालुक्याच्या ठिकाणी ओळखीच्या एका बाबूंनी पूर-बचावाचं गोदाम दाखवलं. मे म्हणजे पावसाळ्याच्या पूर्वतयारीच्या बैठकांचा महिना. बाबूंनी अभिमानाने कुलूप काढलं. आत लाइफ जॅकेटांची थप्पी होती, प्लॅस्टिकसकट. थप्पीवर सतरंज्या, सतरंज्यांवर लोखंडी खुर्च्या.

"एकही ओलं झालेलं नाही," बाबू म्हणाले.

मेहुण्यांचा चेहरा पाहवेना. फोममधल्या बंद कप्प्यांत अडकलेली हवाच माणसाला तरंगवते. वर्षानुवर्षं वजनाखाली दाबलं, की ती हवा हळूहळू निघून जाते आणि जॅकेट नुसतं रंगीत उरतं. मधल्या एका जॅकेटाच्या खांद्यात उंदराने बिऱ्हाड केलं होतं. मेहुण्यांनी बाबूंना समजावलं: वर्षातून एकदा प्रत्येक जॅकेट घालून छातीएवढ्या पाण्यात उभं राहायचं, अंग सैल सोडायचं, हनुवटी पाण्यावर राहते का बघायचं. बाबूंनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "पण मग रजिस्टरमध्ये ते 'वापरलेलं' दाखवावं लागेल ना?" माझ्या मते या प्रश्नाला उत्तर नाही. नदीत गेलेली जॅकेटं टिकतात आणि रजिस्टरात गेलेली मरतात, एवढंच मी तिथे पाहिलं.

मार्कंड्याला दगडी देवळांच्या पायथ्याशी वैनगंगा उत्तरेकडे वाहते. त्या दिवशी ती घोट्यापर्यंत वाहत होती. मेहुणे कयाकमध्ये बसून वाळूवरून पुढे सरकले, उतरले, कयाक ओढली, पुन्हा बसले. देवदर्शनाला आलेल्या बायका थांबून पाहू लागल्या. वाळू बकलांत गेली, चेनीत गेली, दोरात गेली. दोरातली वाळू आतून धागा कापत राहते, म्हणून दोर पिळून धुवायचा आणि वाळला की वेटोळं न करता हातहात पिशवीत कोंबायचा, म्हणजे फेकताना गाठ पडत नाही. वल्हवणं अर्धा तास झालं. धुणं तिन्हीसांजेपर्यंत चाललं.

काठावरचे एक म्हातारे नावाडी हे सगळं बिडी ओढत पाहत होते. निवांत बसता यावं म्हणून त्यांनी मेहुण्यांचंच लाइफ जॅकेट खाली घेतलं होतं.

"काका, त्यावर बसू नका. फोम दबतो!"

"उनात रेती तापते ना जी," काका म्हणाले, पण उठले. "आमी लायनपनी कमरेले भोपळा बांधून पोहायले शिकलो. त्याले ना पावडर लागे ना हँगर."

"आणि तुमची नाव कुठे आहे?"

काकांनी डोहाकडे बोट केलं. तिथे काहीच नव्हतं.

"बुडवून ठेवली. गोटे भरून. उनात ठेवली तर लाकूड तडकते. पाऊस लागला का काढतो." सावलीत वाळवण्याच्या मंत्रावर हा उलटा मंत्र ऐकून मेहुणे बराच वेळ गप्प बसले.

आष्टी, आलापल्ली, मग सागाचं जंगल कापत भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती इथे भेटतात आणि दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं, की गाव जगापासून तुटतं. २०१९ साली तर बाजारपेठच पाण्यात होती. मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी पाहतो, तर लाल दोर दोन झाडांच्या मध्ये ताणलेला आणि त्यावर चार अनोळखी लुंग्या. "मस्त दोर आहे साहेब, भिजला तरी जड होत नाही," पोऱ्या म्हणाला. निरीक्षण अचूक होतं. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही, म्हणूनच तो तरंगतो.

जॅकेटाच्या खांद्याची शिवण उसवली होती. बाजारात छत्र्या आणि दप्तरं शिवणाऱ्या शिंपीदादांकडे गेलो. मेहुणे धाग्याबद्दल व्याख्यान सुरू करणार, तोच दादांनी रीळ दाखवलं. "नायलॉन आहे जी. सुती धागा पान्यात सडते." मग पट्ट्यावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप मारली, जॅकेट मेहुण्यांना घालायला लावलं आणि खांद्याचा पट्टा धरून त्यांना अर्धा फूट उचललं. शिवण टिकली. मेहुण्यांची चप्पल सुटली.

"गॅरंटी?" मेहुण्यांनी लोंबकळतच विचारलं.

"पर्लकोटा पुलावर आली का या जी," दादा म्हणाले, "मंग पाहू."