पालक, पाल्य आणि झेंडू

फुलशेतीची एकदिवसीय सहल हा पुणेरी मध्यमवर्गात गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंत आढळणारा प्रकार आहे. पुरंदर तालुक्यात या दिवसांत झेंडू भरात असतो. सहलीत दोन पक्ष असतात. पालक हा पाल्याला निसर्गाची ओळख करून द्यायला निघालेला असतो. पाल्य हा खिडकीची जागा मिळाली म्हणून आलेला असतो.

जायचा रस्ता हडपसरवरून दिवे घाटातला. घाटातून मस्तानी तलाव दिसतो. तो दाखवायला पालक गाडी हळू करतो, मागचे ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवतात आणि नेमके तेव्हाच पाल्याला मळमळायला लागते. पेशवाई तिथेच आटोपते.

शेतात पोचल्यावर पालक रात्री मोबाइलवर वाचून ठेवलेली माहिती बाहेर काढतो. तिच्यात खोट काही नसते. तोरणात इतका मुरलेला झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. उंच जातीला आफ्रिकन म्हणतात, बुटकीला फ्रेंच. प्रत्यक्षात आफ्रिकेचा किंवा फ्रान्सचा त्यातला एकही नाही. शिवाय आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो फुलांचा गुच्छ असतो. पाकळी दिसते ते स्वतंत्र फूलच. हे पटवून देण्यासाठी पालक एक टपोरे फूल खुडून उसवतो. पाकळीच्या बुडाशी काडीसारखा बारीक पांढरा भाग असतो, त्याचेच पुढे बी होते. पाल्याने तो पाहावा अशी अपेक्षा असते. पाहतो मात्र शेतकरी. “साहेब, तोडू नका, किलोवर जातंय ते,” एवढेच तो म्हणतो.

पाल्य त्या वेळी वाफ्याच्या कडेला उकिडवा बसलेला असतो. ठिबकच्या काळ्या नळीतून थेंब येतो, अंगठा दाबला की थांबतो, अंगठा काढला की पुन्हा येतो. यापुढे झेंडूचा काय पाड लागणार? थेंब जिभेवर घ्यायचा बेत पक्का होतो तोच शेतकरी ओरडतो, “तोंड नको लावू बाळा, खत सोडलंय!” विद्राव्य खत पाण्याबरोबरच ठिबकमधून देतात, ही त्या दिवशी पाल्याच्या कायमची लक्षात राहणारी पहिली माहिती.

दुसरीही शेतकऱ्याकडूनच मिळते. टोमॅटोच्या शेतात झेंडू लावतात, कारण त्याच्या मुळांतल्या द्रव्याने मातीतले सूत्रकृमी कमी होतात. पाल्य ताबडतोब म्हणतो, “काका, एक दाखवा ना.” सूत्रकृमी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, हे कळल्यावर काकांवरचा त्याचा विश्वास उडतो.

शेतकऱ्याच्या लेखी या देखाव्याला वजन आणि भाव असतो. तोडणी पहाटेच झालेली असते आणि माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलेला असतो. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला तर फूल भिजते, काळे पडते. पाऊस आला नाही तर सगळ्यांचाच माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. एवढ्या धास्तीत उभा असलेला माणूस पर्यटकांना पाणी विचारतो, हे या सहलीतले खरे पाहण्यासारखे. पण त्याचा फोटो कोणी काढत नाही.

फोटो पाल्याचे निघतात, दोन सऱ्यांच्या मध्ये उभा करून. मधमाशा कामावर असतात, त्यामुळे फोटोत डोळे मिटलेले आणि खांदे कानाला लागलेले दिसतात. फक्त फुलांसाठी त्या शेतात आलेल्या एवढ्याच, असे म्हणायला हरकत नाही.

निघताना पालक अर्धा किलो फुले मागतो. शेतकऱ्याचा काटा क्रेट तोलणारा. तो ओंजळीनेच पिशवी भरतो आणि पैसे घेत नाही. दिवसभर फुलांविषयी बोललेला पालक इथे प्रथमच गप्प होतो.

पाल्याने मात्र आपली खरेदी आधीच उरकलेली असते: बांधावर पडलेले एक वाळके फूल. ते पँटच्या खिशातून सोमवारी वॉशिंग मशीनमध्ये जाते. मग काळ्या बुडाच्या, पांढुरक्या शेपटीच्या त्या बिया पालकाच्या ऑफिसच्या शर्टांना चिकटून निघत राहतात. सहकारी विचारतात, “हे काय?” आणि आफ्रिकन झेंडूची मेक्सिकन हकीकत कोणीतरी पहिल्यांदाच पूर्ण ऐकून घेते.