साहेब तराफा बांधायला गेलेत!

अहो, ऐकलंत का? हिंजवडीतली आणखी एक कंपनी म्हणे मुळशीच्या तळ्याकाठी गेली. सहल नव्हे हो, ‘ऑफसाइट’! सहल म्हटली की वर्गणी काढावी लागते. ऑफसाइट म्हटलं की बिल कंपनीच्या नावे आणि विषय एकदम भारदस्त: लीडरशिप, स्ट्रॅटेजी, इनोव्हेशन.

आता आतली गोष्ट सांगते. हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे! म्हणजे मुळशीतून निघायचं, माण-घोटवडे करत मुळशीतच पोचायचं आणि तालुकाही न ओलांडता चौकटीबाहेरचा विचार करायचा.

तिथे सकाळी व्हाइस प्रेसिडेंट साहेब पिंपं आणि दोर घेऊन तराफा बांधतात. ज्यांची एक सही मिळवायला महिना जातो, ते कुठला बांबू कुठे बांधायचा हे पाच मिनिटांत ठरवतात म्हणे. दुपारी डोळे मिटून मागे पडायचं, सहकारी झेलतात का बघायला. (अप्रेझलच्या महिन्यात हा खेळ ठेवत नाहीत, एवढं शहाणपण एचआरकडे असतं.) मग स्टिकी नोट्स. पिवळ्यावर अडचणी: हाताशी आलेली माणसं नोकरी सोडतात, एआय आपलं काम खाणार या धास्तीने कुणी तोंड उघडत नाही, क्लायंट दर पाडून मागतो. गुलाबीवर उपाय: ‘संवाद वाढवा’!

संध्याकाळी वक्ते येतात आणि कोडॅकची गोष्ट सांगतात. 1975 मध्ये कोडॅकच्याच इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवला, 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. खरं आहे, पण किती वेळा ऐकायचं? जवळच्या आकुर्डीची सांगा की! 2009 मध्ये तिथल्या बजाज ऑटोत राजीव बजाज यांनी स्कूटर बंद करायचं ठरवलं. वडील राहुल बजाज यांनी वाईट वाटल्याचं उघड सांगितलं, तरी निर्णय मुलाचाच राहिला. आणि 2020 च्या जानेवारीत त्याच कंपनीने चेतक विजेवर चालवून परत बाजारात आणली. बापलेकांचा मतभेद, बाजाराचा अंदाज, फिरवलेला निर्णय, सगळं एका स्कूटरवर! पण आकुर्डीला स्लाइडवर रुबाब नाही ना.

कहर तर पुढेच. डबेवाल्यांवर अख्खं सत्र! 2003 मध्ये प्रिन्स चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटून गेले, 2010 मध्ये हार्वर्डने त्यांच्यावर केस लिहिली, टाळ्यांचा कडकडाट. आणि हे ऐकवतात कुठे? मुळशीत! मुळशी, मावळ, खेड, जुन्नर या पट्ट्यातूनच तर ते डबेवाले पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले. ऑफसाइटला भात वाढणारा पोरगा एखाद्या डबेवाल्याचा पुतण्या निघायचा, पण त्याला विचारतो कोण? त्याच्याकडे स्लाइड नाहीत.

‘सगळ्यांना विश्वासात घ्या’ असंही शिकवतात बरं का, आणि तेही कुठल्या तळ्यापुढे बसून! तळं कसलं, मुळशीचं धरण ते! टाटांच्या विजेसाठी या धरणात जमिनी जाणार म्हणून मावळ्यांनी 1921 ते 1924 इथेच सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालंच. ग्रुप फोटो त्याच पाण्यापुढे निघतो, अंगठे वर करून.

तुम्हाला बोलावणं आलं तर जरूर जा हो, हवा छान असते आणि जेवण फुकट. फक्त सोमवारी साहेबांकडे ती अडकलेली सही मागा आणि किती दिवसांत मिळाली ते मला कळवा.